जामीन कोण देतं याला?

अंबडच्या कोर्टात संध्याकाळी पाच वाजून गेले की आमच्या वकीलसाहेबांना कुणी थांबवू शकत नसे. साक्षीदार पिंजऱ्यात घामाघूम झालेला असो, पक्षकार हात जोडून उभा असो, साहेब घड्याळाकडे बघत, कागद आवरायला घेत आणि आपल्या खर्जातल्या आवाजात म्हणत, "मॅडम, पुढची तारीख द्यावी. पोरींची वेळ झाली."

नव्यानं बदलून आलेल्या जज्जबाईंना सुरुवातीला या गोष्टीचं फार कौतुक वाटे. सत्तरी गाठलेला माणूस, पांढऱ्याशुभ्र मिशा, आणि घरी शाळेतून येणाऱ्या मुली! लेकरं उशिरा झाली असावीत, बायको नसावी, असा निकाल त्यांनी पुरावा न तपासता मनातल्या मनात देऊन टाकला होता. एकदा त्यांनी मायेनं विचारलंच, "किती मुली आहेत हो तुम्हाला?"

"चार."

"कितवीत आहेत?"

"चौघी बी चौथीत. मी बघून राह्यलो तवापासून चौथीतच हैत."

जज्जबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. मागच्या बाकावरचे वकील फायलीत तोंड खुपसून हसत होते. शेवटी साहेबांची ज्युनिअर म्हणून मलाच उठावं लागलं. म्हटलं, "मॅडम, ते कार्टून आहे."

ते खरंच कार्टून होतं. हिंदीत डब केलेलं, रोज साडेपाचला लागणारं. एका शहरात एकाच वर्गात शिकणाऱ्या चार पोरी. संकट आलं की चौघी वेणीची रिबीन घट्ट आवळतात आणि निघतात. थोरली ट्रक उचलते, दुसरी वाऱ्यासारखी पळते, तिसरीला नदीपलीकडचं कुजबुजणंही ऐकू येतं आणि धाकटी उडते. गंमत म्हणजे या धाकटीलाच उंचीची भीती वाटते. त्यांच्या विरुद्ध एक टकला. तो दर भागात नवं यंत्र तयार करून शहरावर चाल करून येतो, दर भागात पकडला जातो आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा मोकळा.

मला ते कार्टून नवं नव्हतं. मी जालन्यात वाढले. वडील एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होते. त्यांची मोटरसायकल गल्लीत शिरायच्या आत आम्हा बहिणींना दिवाणावरून उड्या मारून घ्याव्या लागत. पाठीला ओढण्या बांधलेल्या असायच्या. थोरली व्हायला चुलत बहीण, उडायला माझी धाकटी, आणि माझ्या वाट्याला कायम ती कानवाली. दुसऱ्यांचं ऐकून घेणं हे काय बळ असतं का, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे वकिलीत आले आणि कळलं, तेवढंच बळ खरं उपयोगाचं. आता माझी लेक तेच कार्टून बघते. परवा टॉवेल बांधून कपाटावरून उडाली आणि गुडघा फोडून घेतला. औषध लावताना मला राग यायला हवा होता, पण मी तिला विचारलं, "तू कोणती गं?"

साहेबांकडे नोकरी मिळाली तीही या कार्टूनमुळेच. नवा काळा कोट घालून, प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन मी त्यांच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. भिंतभर कायद्याची पुस्तकं आणि त्यांच्या मधोमध, भरतकामाचा रुमाल घातलेला टीव्ही. नेमकी साडेपाचची वेळ. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडे बोट करून म्हणाले, "ही पोरगी उंचीला भिती, तर हिलाच उडायचं कामून दिलं?"

मी म्हटलं, "पहिल्या भागात त्या एका पेटीतून रिबिनी उचलतात. ही शाळेत उशिरा पोचते. उरलेली उडायची रिबीन हिच्या वाट्याला येते."

साहेब सावकाश माझ्याकडे वळले. पहिला भाग त्यांनी बघितलेला नव्हता. इतकी वर्षं हा मुद्दा त्यांना छळत होता.

"उद्यापासून या," ते म्हणाले. प्रमाणपत्रांची पिशवी मी न उघडता घरी नेली.

साडेपाच वाजले की ऑफिसात कुणीही असो, त्याला गप्प बसून कार्टून बघावं लागे. घनसावंगीकडून जीपनं आलेले शेतकरी, हुज्जत घालायला आलेले व्यापारी, कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊभाऊ, सगळे रांगेनं खुर्च्यांवर. साहेबांचे मुन्शी अशफाकभाई चहाची किटली घेऊन दारात उभे राहत आणि जाहिराती लागल्यावरच आत येत. मारामारीच्या गुन्ह्यात जामिनावर सुटलेला एक धिप्पाड गडी एकदा खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता. शेवटी त्याला राहवेना. "साहेब," त्यानं हळूच विचारलं, "ती धाकली पडणार तर न्हाई ना?"

साहेबांनी त्याला धीर दिला. त्याच्या केसबद्दल त्याला इतका धीर त्यांनी कधी दिला नव्हता.

पाहता पाहता साहेबांचा निवाडा चालू असे. पोरींच्या पराक्रमाबद्दल त्यांना आदर होता, पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो टकल्यात. तो नव्या यंत्रात बसून पडद्यावर अवतरला की साहेब मांडीवर थाप मारत आणि म्हणत, "जामीन कोण देतं याला?"

हा प्रश्न रोजचा. पुढची टिप्पणीही ठरलेली. "काल सापडला. मुद्देमालासकट सापडला. सारं शहर साक्षीला. अन् आज भाईर! पोलीस कागदंच दाखल करत नसतील बराबर." कधी हळहळत, "याला एक चांगला वकील न्हाई, म्हणून दर वेळंला सापडतो. असा एक अशील आयुष्यात मिळाला असता तर!" यावर अशफाकभाई न चुकता म्हणत, "हौ साब, घरचा माणूस झाला असता."

या वेडाची सुरुवात नातीपासून झाली होती. मुलगा पुण्याला. नात सुट्टीत यायची, साडेपाचला टीव्ही लावायची आणि आजोबांना शेजारी बसवून घ्यायची. ती परत गेल्यावरही साहेबांनी बघणं सोडलं नाही, कारण फोनवर तिच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा. आज थोरलीनं पूल कसा धरला, टकला कसा फसला, असं तासभर चाले. मग नात मोठी झाली. एका संध्याकाळी साहेब फोनवर मोठ्या उत्साहानं सांगत होते आणि पलीकडून ती म्हणाली, "आबा, तुम्ही अजून ते बघता?" साहेब म्हणाले, "छे छे, टीव्ही सहज चालू होता." फोन ठेवला, खुर्ची टीव्हीच्या थोडी जवळ ओढली आणि उरलेला भाग बघितला. मी समोरच टायपिंग करत होते. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की त्या दिवशी मी टायपिंग थांबवून पूर्ण भाग त्यांच्याबरोबर बघितला आणि मुद्दाम दोन-चार शंका विचारल्या.

बाररूममध्ये मात्र कुणी चेष्टा केली तर ते ऐकून घेत नसत. एकदा एका वकिलानं डिवचलं, "काय साहेब, एवढी वर्षं झाली, पोरं मोठी झाली, पोरांना पोरं झाली, तरी लोक तेच बघतेत. काय ठेवलंय त्यात?"

"सांगतो," साहेब म्हणाले. "थोरली ट्रक उचलती, त्यात काय कौतुक? तिला ताकदच दिली. पण धाकटीकडं बघ. ती रोज भिती. आधी डोळे गच्च मिटती, मंग उडी मारती. उघड्या डोळ्यानं तिला उडताच येत न्हाई. आपण मोठी माणसं भ्यालो का काय करतो?"

"काय करतो?"

"पुढची तारीख मागतो."

बाररूममध्ये त्या दिवशी कुणी तारखेबद्दल बोललं नाही.

आता त्या केसबद्दल सांगते. गोदावरीकडच्या एका गावातली एक विधवा बाई, तिचा आखाडा, म्हणजे शेतातलं राहतं घर-गोठा, आणि आखाड्यापासून गावच्या सडकेपर्यंत जाणारी पायवाट. वाट जात होती तिच्या दिराच्या रानातून. बारशाच्या जेवणात मानपानावरून काहीतरी बिनसलं आणि दिरानं वाटेवर नांगर फिरवून कापसाची पऱ्हाटी लावली. वर म्हणायला लागला, इथं वाट कधी नव्हतीच. दुसरा रस्ता लांबचा, लोकांच्या शेतातल्या, डोक्याइतक्या उंच उसातून जाणारा. बाईची लेक चौथीत, नाव प्रज्ञा. त्या उसातून पोरीला एकटीला धाडायला आईचा जीव होईना आणि रोज कामधंदा सोडून तिला पोचवायलाही जमेना. पोरीची शाळा सुटली.

बाई कोर्टात आली. पण वाट होती असं सांगायला गावातलं कुणी तयार नव्हतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? शेवटी साक्षीला उरली एकटी प्रज्ञा. आणि आमचे साहेब होते दिराचे वकील.

मी साहेबांना म्हटलं, "हे वकीलपत्र घ्यायला नको होतं. त्या लेकराची शाळा आहे."

"आपलं काम सवाल इचारायचं," ते म्हणाले. "वाट द्यायची का न्हाई ते कोर्ट बघल."

मला त्यांची पद्धत माहीत होती, म्हणूनच मी हे बोलले होते. साहेब उलटतपासणीला उभे राहिले की आधी गोड गप्पा मारत. ज्यांना 'हो'च म्हणावं लागेल असे प्रश्न एकामागून एक विचारत. साक्षीदाराची मान होकाराला लागली की त्याच रांगेत हळूच एक खोटी गोष्ट सरकवत आणि आवाज चढवत. माणूस भिडेपोटी त्यालाही 'हो' म्हणून मोकळा होई. मग साहेब कोर्टाला म्हणत, "मॅडम, लिहून घ्यावं. याला कुणी काही बी सांगितलं तरी हा 'हो' म्हणतो." एका तालेवार माणसानं तर असंच हो हो करत, स्वतःच्या लग्नाला आपण हजर नव्हतो, हेही कबूल केलं होतं. त्यांच्यापुढे चौथीतली पोरगी काय टिकणार?

प्रज्ञा गणवेशात आली होती. शाळा नव्हती, पण आईकडे तेवढाच धड कपडा असावा. पिंजऱ्याच्या कठड्यावरून तिचा भांग आणि दोन लाल रिबिनी तेवढ्या दिसत होत्या. जज्जबाईंनी शिपायाला सांगून तिला पायाखाली पाट दिला. साहेब उठले.

"टीव्ही बघती का बाळा?"

"मामाच्या मोबाईलवर बघते."

"ते चार पोरींचं कार्टून?"

पोरीनं पहिल्यांदा मान वर केली. "हो."

"थोरली ट्रक उचलती, बराबर?"

"हो."

"दुसरी वाऱ्यावानी पळती?"

"हो."

"तिसरीला नदीपल्याडचं ऐकू येतं?"

"हो."

"अन् धाकटी आधी उडती, वर गेल्यावर भ्या वाटलं का मंग डोळे मिटती. बराबर?"

माझ्या हातातला पेन थांबला. हीच ती सरकवलेली गोष्ट. पलीकडचे वकील उठून म्हणाले, "मॅडम, वाटेच्या दाव्यात कार्टून कशाला?" जज्जबाई म्हणाल्या, "बसा. मला ऐकायचं आहे."

प्रज्ञा म्हणाली, "न्हाई. आधी डोळे मिटती. मंग उडती."

"मी रोज बघतो बाळा. आधी उडती."

"न्हाई."

साहेबांनी आवाज चढवला. याच आवाजापुढे मी भल्या भल्या फौजदारांना पाणी मागताना बघितलं होतं. "मी एवढा म्हातारा माणूस, कोर्टात उभा राहून खोटं बोलून राह्यलो का?"

पोरीनं रिबिनीचं टोक मुठीत आवळलं. दाराशी उभ्या असलेल्या अशफाकभाईंनी मान दुसरीकडे वळवली. मला साहेबांचा कोट धरून त्यांना खाली बसवावंसं वाटत होतं.

"तुमी मोठे हैत," प्रज्ञा म्हणाली. "पण आधी डोळेच मिटती."

साहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी अशिलासाठी विचारायलाच हवा होता तो शेवटचा प्रश्न विचारला, पण आवाज आता खाली आला होता. "मंग मी म्हणतो, ती वाट तिथं कधी नव्हतीच. तुला आईनं शिकवून आणलं."

प्रज्ञानं बाकावर बसलेल्या काकाकडे पाहिलं. काका तिच्याकडे रोखून बघत होता. तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"होती," ती म्हणाली. "बाभळीपासून इहिरीकडं जाती. मधी वगळीचा ओढा लागतो, तिथं चपटा दगड हाय. म्या लहान होते तवा पाऊस आला का काका मला तिथून उचलून न्यायचा."

मी काकाकडे पाहिलं. तो आता पायातल्या चपलांकडे बघत होता.

"झालं, मॅडम," साहेब म्हणाले. "मला पुढं काही इचारायचं न्हाई." खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले. तो चष्मा त्यांनी फार वेळ पुसला.

बाहेर चिंचेखाली अशिलानं त्यांना गाठलं. "साहेब, तुमी वकील माझे का तिचे?"

"तुझाच. म्हणून सांगून राह्यलो. डोळे उघडे ठेवून बोलणारा साक्षीदार मी मोडतो. डोळे मिटून बोलणारा मोडत न्हाई, अन् वरच्या कोर्टात बी मोडायचा न्हाई." मग त्यांनी विचारलं, "उचलून न्यायचास का रं?"

अशिलानं मान खाजवली. "न्यायचो की. वगळीला पाणी असायचं. लेकरू वाहून गेलं असतं."

"मंग वाट व्हती का न्हाई?"

त्यानं चपलेनं मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाला, "पऱ्हाटी लावली ना आता."

"एक ओळ उपट. कापसानं कुणाचं भलं झालं आजवर?"

तडजोड त्याच दिवशी लिहायला घेतली. मी मजकूर तयार करत होते, अशफाकभाई सह्यांच्या जागा दाखवत होते, दीर आणि भावजय एकमेकांकडे पाठ करून पण एकाच बाकावर बसले होते. पाच कधीच वाजून गेले. अशफाकभाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि दचकून म्हणाले, "साब, पोरींची वेळ!"

"जाऊ दे," साहेब म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती बाई बोरांची पिशवी घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहिली. मागं प्रज्ञा, दप्तरासकट, पायांवर शेतातली माती. बाई फार ओशाळली होती. "आईकंना पोरगी," ती म्हणाली. "आज शनवारची अर्धी शाळा झाली तवापासून हट्ट धरला. म्हणती, वकीलबाबाला ते कार्टून नीट कळत न्हाई, चुकीचं बघून राह्यलेत, एकडाव दाखवून येऊ."

साहेबांनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली. ती नातीची खुर्ची होती. तिच्यावर एरवी फायली असत आणि कुणाला बसू देत नसत. फायली त्यांनी स्वतः खाली ठेवल्या.

कार्टून लागलं. धाकटी गच्चीच्या कडेला उभी राहिली, तिनं डोळे मिटले आणि झेपावली. प्रज्ञा खुर्चीतच उभी राहिली. "बघा! आधी मिटले! म्हणलं व्हतं ना म्या!"

"हौ की," साहेब म्हणाले. "माझंच चुकलं."

अशफाकभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पस्तीस वर्षं मुन्शीगिरी करून हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. प्रज्ञा समाधानानं खाली बसली आणि तिनं पुढ्यातल्या बशीतलं बिस्कीट घेतलं.

जाहिराती संपल्या. काल साखळदंडांनी बांधून नेलेला टकला नव्या यंत्रात बसून खदाखदा हसत आला. साहेबांनी सवयीनं मांडीवर थाप मारली.

"जामीन कोण देतं याला?"

प्रज्ञानं पडद्यावरची नजर काढली नाही. बिस्कीट चावत चावत म्हणाली, "तुमीच सोडवीत असताल की."

तिची आई पदर तोंडाला लावून उभीच राहिली. अशफाकभाईंच्या हातातली किटली कलली आणि चहा फरशीवर सांडला. मी साहेबांकडे बघायची हिंमत करत नव्हते. खोलीत नुसता टकल्याच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि मग त्यात दुसरा, खर्जातला आवाज मिसळला. साहेब हसत होते. मिशा हलत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांना ठसका लागला तेव्हा प्रज्ञानंच उठून पाण्याचा तांब्या आणून दिला.

त्यानंतरही टकला रोज साडेपाचला सुटून येत राहिला. पण जामीन कोण देतं, हे साहेबांनी पुन्हा कधी विचारलं नाही.